खऱ्या तेलाचा दिवा

बापूंसाठी ठेवायचा दिवा खऱ्या तेलाचाच हवा, असा हट्ट धैर्यशीलने धरला तेव्हा हौसाआत्याने डोळ्यांना पदर लावला. सांगलीत आता असले हट्ट कोणी धरत नसे. माणूस गेला की त्या जागी दहा दिवस दिवा तेवत ठेवायचा, विझू द्यायचा नाही, ही रीत टिकून होती. पण दिवा असायचा बॅटरीचा. प्लॅस्टिकची ज्योत आणि आत लुकलुकणारा इवलासा बल्ब. मडकं, बांबू, पांढरं कापड यांच्याबरोबर दुकानदार तोही पिशवीत घालून द्यायचा. भटजींचीही काही हरकत नव्हती. विझण्याची भीती नाही, मग उगाच जिवाला घोर कशाला, असं ते स्वतःच म्हणायचे.

धैर्यशीलने तो दिवा पिशवीतून काढून कपाटावर ठेवला. "हा नको. तेल घाला, कापसाची वात करा. जाडसर. बापूंसाठी एवढं तरी करू."

"आरं, ज्या पोरानं जन्मात देवाला हात जोडलं न्हाईत..." आत्याला पुढचं बोलवेना. बापूंची ही धाकटी बहीण तोंडाने फटकळ, पण डोळ्यांत पाणी कायम तयार. शेजारच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. नास्तिक असला तरी बाप गेल्यावर रक्त बोललंच, असा सगळ्यांचा निवाडा झाला.

धैर्यशील मान खाली घालून वात वळत बसला. दुःखाने मान खाली गेली, असं लोकांना वाटलं. दुःख होतंच, त्यात खोटं काही नव्हतं. पण मान वर न करण्याचं कारण दुसरं होतं. त्याला बापूंच्या खोलीतली भिंत पुसून टाकायची होती, आणि ते काम बिनबोभाट करील असं तेलाच्या ज्योतीशिवाय दुसरं काही घरात नव्हतं.

भिंत पुसायची म्हणजे काय, हे कळायला त्या रंगाबद्दल थोडं सांगावं लागेल.

अंधारात चमकणारे रंग जुनेच. पोरांच्या खोलीत छताला चिकटवायचे तारे आठवत असतील. दिवा मालवला की लख्ख दिसायचे, गोष्ट संपेपर्यंत फिके व्हायचे आणि झोप लागायच्या आत गेल्यासारखे व्हायचे. खरं तर ते जात नसत. हा उजेड आधी धाडकन उतरतो आणि मग मुंगीच्या पावलाने. डोळा अंधाराला सरावलेला असेल तर पहाटेसुद्धा त्यांचा अंश दिसतो. होतं असं की, रंगाच्या कणावर प्रकाश पडला की त्यातले इलेक्ट्रॉन उडी मारून माळ्यावर जाऊन बसतात. खोलीतली साधी ऊब त्यांना ढुशा देत राहते. एकेक जण कठडा ओलांडून खाली पडतो आणि पडताना प्रकाशाचा एक कण सोडतो. कठडा ठेंगणा असेल तर सगळे तासाभरात खाली. उंच असेल तर उतरायला फार वेळ लागतो.

'सांजरंग' करणाऱ्यांनी एकाच कणात दोन माळे बांधले. ठेंगण्या कठड्याच्या माळ्यावरून रात्रभर इलेक्ट्रॉन गळत राहावेत, खोलीत चांदण्याएवढा उजेड राहावा. आणि तो माळा रिकामा होत गेला की उंच कठड्याच्या माळ्यावरून भर पडावी, असा बेत होता. पहिली गोष्ट साधली. दिवसा उन्हाने किंवा संध्याकाळी दिव्याने भरलेली भिंत उजाडेपर्यंत मंद तेवायची. वीज महागलेली, लोकांनी रंग डोक्यावर घेतला. दुसरी गोष्ट मात्र फसली. उंच माळ्यावर चढलेले खाली उतरेचनात. महिनोन् महिने तिथेच बसून राहिले. आधी आलेले आत कोपऱ्यात, नंतर आलेले कठड्याशी, असे थरावर थर.

आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की भिंतीवर जिथे सावली पडली होती, तिथे कमी इलेक्ट्रॉन चढलेत. म्हणजे भिंतीने सावली धरून ठेवली आहे. तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा उष्ण प्रकाश अगदी हलक्या हाताने टाकला, तर उंच माळ्यावरचेही खाली येतात, कठड्याजवळचे आधी, कोपऱ्यातले नंतर. तेवढ्यात त्यांचा उजेड टिपला की भिंतीसमोर कोण उभं होतं ते दिसतं. कालचं, परवाचं, गेल्या पंधरवड्यातलं.

यंत्र बाजारात आलं आणि गावोगाव भिंतवाचक झाले. चोर पकडले गेले, हे बरं झालं. पण रात्री फ्रिज कोणी उघडला हेही सासवांना कळू लागलं. लॉजवाले रोज सकाळी भिंती धुऊन घेऊ लागले. धुऊन घेणं म्हणजे तोच उष्ण प्रकाश जोरात मारायचा आणि माळे रिकामे करायचे. घर विकताना भिंत धुऊन देणं तर सक्तीचंच झालं. आणि या सगळ्यातून एक नवी रीतही निघाली. घरात कुणी गेलं की भिंतवाचकाला बोलवायचं आणि त्या माणसाची शेवटची सावली काढून घ्यायची. मिरजेतले फोटोवाले तिला चौकट करून द्यायचे. फोटो सजून-धजून काढलेला असतो. सावली आपोआप पडलेली. म्हणून लोकांना तीच जास्त खरी वाटायची.

धैर्यशील खराडे सांजरंगाचा सांगलीतला विक्रेता. विश्रामबागेतल्या निम्म्या भिंती त्याच्या, आणि भिंती धुऊन द्यायची गाडीही त्याचीच. घटस्फोटानंतर तो आईवडिलांकडे राहायला आला, तेव्हा बापूंना पहिला झटका येऊन गेला होता. रात्री उठताना त्यांना बटण चाचपडायला लागू नये म्हणून त्यांच्या खोलीची दक्षिणेकडची भिंत त्याने स्वतः रंगवली होती. बापू आल्यागेल्याला सांगायचे, "पोरानं घरात चांदणं आणलं बघा." आता त्याच चांदण्याची धास्ती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते असं.

घडलं होतं ते अगदी थोडं. दुसऱ्या झटक्यानंतर बापूंची उजवी बाजू गेली, बोलणं लडबडलं, आणि रात्रीच्या हाका सुरू झाल्या. पंखा कमी कर. गॅस बंद आहे का बघ. दार लावलंस ना. "धैर्याऽ" अशी लांबवलेली हाक यायची आणि धैर्यशील उठायचा. महिने गेले, तो उठत राहिला, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. पलीकडच्या खोलीत झोपणाऱ्या आईला गुडघ्यांमुळे पटकन उठता येत नसे, म्हणून त्यानेच तिला बजावून ठेवलं होतं: तू उठायचं नाहीस, मी आहे.

त्या पहाटेही हाक आली. तो आधी दोनदा उठून आला होता. त्याने आपलं दार उघडलं, बोळातला दिवा आपोआप लागला, आणि बापूंचं दार ढकलताच पांढरा झोत त्यांच्या खोलीत गेला. बापूंनी डावा हात वर केला होता. काहीतरी म्हणाले, कळलं नाही. पाण्याची बाटली उशाशीच होती, नळी लावलेली. धैर्यशील उंबऱ्यातूनच म्हणाला, "बापू, झोपा आता." आणि दार ओढून घेतलं. पाच मिनिटांनी बघू, असं स्वतःशी म्हणत तो अंथरुणावर पडला, आणि गेला नाही.

सकाळी आईने हंबरडा फोडला. डॉक्टर आले. त्यांनी सहज विचारलं, "रात्री काही हाक वगैरे मारली का त्यांनी?"

"मला गाढ झोप लागली होती," धैर्यशील म्हणाला. "काहीच ऐकू आलं नाही."

हे त्याने ठरवून म्हटलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. पण निघालं ते आईसमोर, आत्यासमोर, आणि एकदा निघालेलं परत गिळता येईना. डॉक्टरांनी मान हलवली. "वेळेत कळलं असतं तर... नाही, तसं सांगता येत नाही." पहिलं अर्धं वाक्य धैर्यशीलच्या कानात बसलं. दुसरं अर्धं त्याने ऐकलंच नाही म्हणा ना.

स्मशानातून परत आल्यावर आई म्हणाली, "धैर्या, त्या मिरजेच्या मुलीला बोलव. भिंत वाचायला."

तो दचकला. "आत्ता कशाला, आई?"

"सगळी काढतात. मलाही त्यांची सावली बघायची आहे." ती त्याच्याकडे न बघता बोलत होती.

"दहावं होऊ दे. मग बोलावतो."

"बरं," ती म्हणाली. शालनताई हट्ट करणारी बाई नव्हती. पन्नास वर्षं तिने बापूंचं ऐकलं होतं, आता मुलाचं ऐकत होती. पण लगेच म्हणाली, "नक्की बोलव हं. मला बघायचंच आहे."

दहा दिवस धैर्यशीलला पुरेसे होते. धुण्याचं यंत्र घरी आणलं असतं तर शेंबडं पोरही विचारतं, कशाला? पण दिव्याला कोण विचारणार? बॅटरीचा दिवा चालणार नव्हता. त्याच्या उजेडात निळा भरपूर. निळा इलेक्ट्रॉनना वर चढवतो, म्हणजे भिंतीत आणखी एक थर भरला असता, आणि वाचणाऱ्याने तो सहज बाजूला काढला असता. तेलाच्या ज्योतीत निळा जवळजवळ नसतोच. तिच्यात असतो पिवळा, तांबडा आणि तांबड्याच्या पलीकडचा उष्ण, जो माळे रिकामे करतो. एक ज्योत ती केवढी. पण दहा दिवस आणि दहा रात्री न विझता भिंतीपासून दोन हातांवर तेवत राहिली तर भिंतीत काही उरत नाही. शिवाय मेलेल्या माणसाच्या दिव्याचं तोंड दक्षिणेला करायचं असतं, आणि भिंतही नेमकी दक्षिणेचीच. रीतच त्याच्या मदतीला धावून आली होती.

खाट बाहेर काढली, जागा सारवल्यासारखी पुसली, तिथे दिवा ठेवला. आईने चटई उचलली आणि खाटेचं उशाचं टोक जिथे होतं तिथे भिंतीला पाठ लावून बसली.

"आई, खाली नको बसू, गुडघे धरतील. आत पलंगावर पड जरा."

"माझ्या पाठीला टेकायला भिंत लागते," ती म्हणाली. "आणि दिव्यावर कुणाचं तरी लक्ष नको का?"

ती अंघोळीला उठायची, दोन घास खायला उठायची, की पुन्हा तिथेच. रात्रीही बसल्या बसल्या डुलकी घ्यायची. धैर्यशील तेल घालायला यायचा तेव्हा तिच्याकडे बघायचा नाही. दिव्याकडे बघायचा, वात सारायचा आणि निघून जायचा. नजर उचलून त्याने तिच्याकडे नीट पाहिलं असतं तर पुढचं टळलं असतं. पण तेवढं बळ त्याच्यात नव्हतं. आईबापांनी नाव मोठ्या हौसेने धैर्यशील ठेवलं होतं. नावाला जागणं सगळ्यांनाच जमतं असं नाही.

भेटायला येणाऱ्यांना हौसाआत्या पहिली गोष्ट सांगायची ती दिव्याची. "बगा, शेरभर तेल संपलं आसंल. पण पोरानं एकदा सुदिक इझू दिला न्हाई. रातचं दोनदा-तीनदा उठतंय."

"नशीब काढलं बापूंनी," पाहुणे म्हणायचे. समोरच्या बंगल्यातले घोरपडे तर आपल्या कॉलेजातल्या मुलाला मुद्दाम घेऊन आले. "याच्या पाया पड," मुलाला म्हणाले. "शिक काहीतरी." मुलगा वाकला. धैर्यशील एक पाऊल मागे सरला. त्याची कानशिलं तापली. त्याला वाटलं, ओरडावं: अरे, मी उठतोय ते आता, बाप जिवंत असताना उठलो नाही. ओरडला नाही. "असू दे, असू दे," एवढंच म्हणाला, आणि लोकांना तो विनय वाटला.

रात्री उठणं मात्र खरं होतं. बापू गेल्यावर घरात हाक मारणारं कुणी नव्हतं, तरी त्याच वेळेला जाग यायची. मग तो दिव्यात तेल घालायचा. आई भिंतीशी बसलेली असायची. एकदा ती म्हणाली, "धैर्या, तुला झोप किती गाढ लागते रे?"

त्याने वात सारली. "का गं?"

"काही नाही. आपलं सहज."

दहाव्याला कृष्णेच्या घाटावर कावळा चटकन शिवला. मागे काही राहिलं नाही, समाधानाने गेले, असं सगळे म्हणाले. धैर्यशीलला मात्र कावळ्याचासुद्धा राग आला.

दोन दिवसांनी दुपारी तबस्सुम मुजावर आली. मिरजेची ही मुलगी भिंती वाचण्यात तरबेज. धैर्यशीलने रंगवलेल्या कितीतरी भिंती तिने वाचल्या होत्या. दोघांची चांगली ओळख होती. ती आईच्या पाया पडली, खिडक्यांवर घोंगड्या लावल्या, दाराच्या फटीत टॉवेल खुपसला. दिवा आता काढला होता. अंधारात भिंत हिरवट-निळी तेवत होती, कुठे काही डाग नाही, घडी न मोडलेल्या नव्या साडीसारखी एकसारखी.

"काकी, हा जो उजेड दिसतोय ना, तो वरवरचा. आजचाच," ती आईला समजावत होती. "सावली याच्या खाली असते. ती या पडद्यावर येईल. घाबरू नका, आवाज फक्त पंख्याचा आहे."

धैर्यशील दाराशी उभा होता. त्याला भीती नव्हती. भिंत कोरी निघणार हे त्याला ठाऊक होतं. मग तो म्हणणार होता, अरेरे, दिव्याने पुसली गेली वाटतं, माझ्या लक्षातच आलं नाही. हे वाक्यही त्याने मनात घोकून ठेवलं होतं. आई थोडी रडेल. मग संपेल.

यंत्र भिंतीवरून सरकू लागलं. पडद्यावर काळं, नुसतं काळं. तबस्सुमच्या कपाळावर आठी पडली. "कोरी दिसतेय. इथे हीटर होता का काही?"

"दिवा व्हता," आत्या अभिमानाने म्हणाली. "खऱ्या तेलाचा. धा दिवस."

तबस्सुमने मान वळवून धैर्यशीलकडे पाहिलं. तेलाची ज्योत भिंतीचं काय करते हे तिला कळत होतं, आणि त्याला कळत नसेल हे शक्य नव्हतं. ती काही बोलणार, एवढ्यात पडद्याच्या कडेला उजेड आला. यंत्र पुढे सरकलं आणि काळ्या भिंतीत एक मोठा उजळ आकार उमटला. खाली रुंद, वर निमुळता होत गेलेला, डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या बाईचा.

"ही तर मी," आई पुटपुटली.

"तुम्ही दिव्यापुढे बसत होता ना, काकी? तुमच्या पाठीमागे ज्योत पोचलीच नाही. दिवा जमिनीवर, म्हणून सावली पार वरपर्यंत गेली. तेवढाच तुकडा राहिलाय." तबस्सुमचा आवाज उजळला. "थांबा, यात आहे काहीतरी. वरचे थर काढते."

दिव्याखाली अंधार म्हणतात. भिंती विकणाऱ्या, भिंती धुणाऱ्या माणसाला, ज्योतीसमोर बसलेली आपली आई दिसली नव्हती. त्याने चौकट धरली.

आईच्या आकाराच्या आत एकेक थर सुटत गेला. दिवसाचा उजेड गेला. गर्दीतली डोकी गेली. मग एका थरावर तबस्सुम थांबली. खालच्या बाजूला एक हात होता, वर उचललेला, पंजा उघडा, बोटं जराशी वाकलेली. बापूंचा डावा हात. आणि त्याच्या वर, बाजूला, उंबऱ्यातून आत पडलेली उभ्या माणसाची सावली. डोकं आणि दोन्ही खांदे. डावा खांदा उजव्यापेक्षा उतरलेला. लहानपणी सायकलवरून पडून मोडलेला तो खांदा नीट जुळला नव्हता, हे या घरात सगळ्यांना माहीत होतं.

"अगं बाई," आत्या किंचाळली. "धैर्याच की! वैनी, पोरगं व्हतं की गं जवळ! भाऊ एकला न्हवता!" आणि ती टॉवेल लाथेने सारून, दार उघडून बाहेर पळाली, बाहेर बसलेल्या पाहुण्यांना सांगायला.

तबस्सुम पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा बघत होती. किती उजेड भिंतीत शिरला त्यावरून दार किती वेळ उघडं होतं ते कळतं. तिने तो आकडा वाचला, पुन्हा वाचला, आणि अगदी हळू, फक्त धैर्यशीलला ऐकू जाईल असं म्हणाली, "दादा, एक श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ आहे हा."

त्याने नजर फरशीकडे वळवली.

"मी गाडीतून केबल घेऊन येते," ती मोठ्याने म्हणाली आणि गेली. केबल तिथेच जमिनीवर पडली होती.

खोलीत आई आणि तो. पडद्यावर हात आणि सावली. आई उठून पडद्याजवळ गेली. आधी तिने हाताच्या बोटांवरून बोट फिरवलं, मग त्या उतरलेल्या खांद्यावरून. आणि ती रडायला लागली. पण गेल्या बारा दिवसांत रडली तशी नव्हे. पोटातलं काहीतरी मोकळं झाल्यासारखी.

"मला वाटलं, मला भास झाला," ती म्हणाली. "हाक मीही ऐकली होती रे. उठणारच होते. तेवढ्यात तुझं दार वाजलं. म्हटलं, गेला धैर्या. मी कशाला उठू? आणि पडून राहिले. मग सकाळी तू म्हणालास, मी झोपलो होतो. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही बघ. म्हटलं, दार वाजलंच नव्हतं. माझ्या आळसानं मी ते ऐकलं. माणूस हाक मारत होता आणि मी पडून राहिले."

धैर्यशीलला कळायला क्षणभर लागलं. डॉक्टरांना सांगितलेलं एवढंसं खोटं, त्याने स्वतःला वाचवायला सांगितलेलं. ते बारा दिवस हिच्या छातीवर धोंडा होऊन बसलं होतं. आणि तो दिवसातून चारदा तिच्यासमोर वाकून तेल घालत होता, तिच्याकडे न बघता. भिंत तिला सावलीसाठी नकोच होती. कुणीतरी गेलं होतं का, एवढंच तिला बघायचं होतं. आणि तेच तो जाळत बसला होता. अशी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती. घोरपड्यांचा मुलगा वाकला तेव्हाची लाज हिच्यापुढे काहीच नव्हे.

आईने डोळे पुसले. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला होता.

"बरं झालं तू गेलास. मला आधी का नाही सांगितलंस, ते जाऊ दे. बापाला जाताना बघितलंस, सांगवलं नसेल तुला." तिने त्याचा हात हातात घेतला. "धैर्या, पाणी पाजलंस ना रे त्यांना?"

एक 'हो' म्हणायचं होतं. 'हो' म्हटलं की ती आज रात्री झोपणार होती. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. तबस्सुम बोलणार नव्हती. बाहेरून आत्याचा आवाज येत होता: "लेकाच्या हातचं पाणी पिऊन गेला माझा भाऊ!" पाहुण्यांत 'अरे वा, अरे वा' चाललं होतं. धैर्यशीलने ते ऐकलं, आणि 'हो' त्याच्या जिभेवर येऊन अडलं. तो 'हो' आईसाठी असेल की बाहेरच्या त्या 'वा'साठी, हे त्याचं त्यालाच सांगता येईना. आणि कधीच सांगता आलं नसतं.

"नाही, आई," तो म्हणाला.

तिने हात सोडला नाही. तिला कळलं नसावं.

"पाणी नाही पाजलं. मी आत गेलोच नाही. दारातच उभा राहिलो. त्यांनी हात वर केला होता, मी बघितला. 'झोपा आता' म्हणालो आणि दार ओढून घेतलं. कंटाळा आला होता, आई. आणि दिवा मी भिंत पुसायला ठेवला होता. तुला हे दिसू नये म्हणून."

यंत्राचा पंखा घुमत होता. आई त्याच्याकडे बघत राहिली. तो वाट बघत होता की ती हात झिडकारील, ओरडेल, निदान तोंड फिरवील. त्याला तेच हवं होतं.

"मग झोपलास?" तिने विचारलं.

"नाही. झोप नाही लागली. पाच मिनिटांनी जाऊ म्हणत पडून राहिलो. उजाडेपर्यंत."

आई सावकाश गुडघ्यांवर हात ठेवून खाली बसली, भिंतीपासून दूर, जिथे नुसती फरशी होती तिथे.

"मीही," ती म्हणाली. "तुझं दार वाजल्यावर माझाही डोळा लागला नाही." मग पडद्यावरच्या त्या उचललेल्या हाताकडे बघत म्हणाली, "म्हणजे घरात आपण तिघंही जागे होतो."